कुठे उभा होता

ता. ११ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सप्रेम सलाम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्हीही सगळे बरे असाल. वहिनीची कंबर आता कशी आहे, असं आई विचारते. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील.

माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. फोन तुझा आणि आईचा असतो; मी तो तिच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात जाते. शिवाय फोनवर कुठलाही विषय निघाला की तू प्रार्थना सुरू करतोस, आणि प्रार्थनेत मध्येच बोलता येत नाही. म्हणून पत्र.

आईचे गुडघे गेले आहेत, बाकी ती ठणठणीत आहे. कान शाबूत, भूक शाबूत, मतं शाबूत. परवा पाळकसाहेबांना म्हणाली, तुमचा उपदेश चांगला होता, पण दोनदा संपला. ते हसले. घरी आल्यावर तिनं मला सांगितलं की माझा मुलगा एकदाच संपवतो.

मी अजून इस्पितळाच्या धुलाईखान्यातच आहे. हल्ली चादरींच्या टेबलावर असते. वाफेपासून लांब, म्हणजे बढतीच म्हणायची. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. टोकं धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, तिची टोकं घ्यायची, परत मागं जायचं. माझ्यासमोर जी असते तिला सगळ्या रेडिओ म्हणतात. चालत येताना ती बातमी सुरू करते आणि मागं जाताना संपवते. तिला वाटतं माझं लग्न मोडलं असावं, म्हणून मी अशी गप्प. मीही ते खोडून काढलेलं नाही. लोकांना एक कारण मिळालं की ते दुसरं शोधत नाहीत.

आता मुद्द्याचं. मी गुरुवारच्या अभ्यासमंडळात जाऊ लागले आहे. आईपण येते. मंदिरामागची ती खोली तुला आठवत असेल. गायकांचे झगे ठेवायचं लोखंडी कपाट आहे तिथे, आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या. आम्ही खालच्या खुर्च्या ओढून काढतो आणि गोल करून बसतो. संदेष्ट्यांचा अभ्यास चालला आहे, एकेक करून, पहिल्यापासून. शुभवर्तमान घ्या, असं कोणीतरी म्हणालं होतं. मी म्हटलं, संदेष्टेच बरे. ते क्षमेची घाई करत नाहीत.

मंडळ घड्याळजी चालवतात. जुने घड्याळजी वारले. हा त्यांचा मुलगा, तोही आता म्हाताराच आहे. त्यांची एक रीत आहे. कोणताही उतारा वाचून झाला की ते विचारतात, हे पाहताना माणूस कुठे उभा होता? तटावर, कुंभाराच्या दारात, परदेशातल्या नदीकाठी? आधी जागा सांगायची, मग अर्थ. जागा सापडल्याशिवाय ते कोणाला अर्थ काढू देत नाहीत. म्हणतात, काटे कुठे आहेत ते न बघता वेळ सांगणारी माणसं मला दुकानात रोज भेटतात.

शिवाय दोघी जावा आहेत, सुताराच्या घरच्या. त्या एकमेकींशी बोलत नाहीत, पण अभ्यासाला शेजारी बसतात. जे सांगायचं ते संदेष्ट्याच्या तोंडून सांगतात. मागच्या गुरुवारी थोरली म्हणाली, इस्राएलात काही लोक शिडी मागून नेत आणि परत देत नसत, म्हणून प्रभूचा कोप झाला. धाकटी म्हणाली, कोणत्या अध्यायात आहे ते? थोरली म्हणाली, शोध म्हणजे सापडेल.

आणि बेकरीवाले येतात. हो, तेच. ते माझ्या समोरच्या खुर्चीवर बसतात. माझ्याशी नीट बोलतात, म्हणजे खिडकी लावू का, असं विचारतात. मी पाव दुसरीकडून आणते.

मार्चच्या शेवटी एदोमवरचा संदेश येतोय. सगळ्यात छोटा, एकाच अध्यायाचा. तुला सांगायला नको, पण लिहिते. याकोब आणि एसाव सख्खे जुळे. याकोबाच्या वंशाच्या नगरावर शत्रू आला, फाटकं फोडली, माणसं धरून नेली; आणि एसावाचा वंश, एदोम, बाजूला उभा राहून पाहत होता. संदेष्टा शत्रूला फारसं काही बोलत नाही. पाहत राहिलेल्या भावाला बोलतो.

या अध्यायासाठी कोणी जाणता पाहुणा बोलवावा, असं ठरलं. मी तुझं नाव सुचवलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. घड्याळजी म्हणाले, ते एवढे मोठे पाळक, येतील का? आई म्हणाली, बहिणीनं बोलावलं तर येईल.

तेव्हा मी बोलावते आहे. घरचीच माणसं आहेत. ये.

तुझी धाकटी बहीण


ता. २ मार्च

प्रिय दादा,
सलाम.

तुझं पत्र पोचलं. आईनं ते दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाचताना मी तुझी एक ओळ गाळली, दुसऱ्यांदाही तीच गाळली. ‘चिमणे, तुझ्या मनात काही आहे का?’ ही ती ओळ. मला चिमणी म्हणू नकोस. मी आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि माझ्या हातांना ब्लीचचा वास येतो.

तू येतोस हे चांगलं. पण एदोमऐवजी सांत्वनाचे अध्याय घ्यावेत, असं तू घड्याळजींना परस्पर कळवलंस, ते मला आवडलं नाही. त्यांनाही नाही. म्हणाले, क्रम म्हणजे क्रम, मधलं चाक काढून घड्याळ चालत नाही. तेव्हा एदोमच.

तू विचारलंस, मनात काही आहे का. आहे. तुला ते ठाऊक आहे, पण ते आपण कधीच एका जागी मांडलं नाही. आज मांडते.

बाबा नुकते गेले होते. मी मंदिराच्या आवारातला बालवर्ग सांभाळत होते. तू कमिटीचा चिटणीस होतास आणि धर्मशिक्षणाला जायच्या तयारीत होतास. आई दुपारी माझा डबा घेऊन यायची. त्या दिवशीही आली. डबा दिला, मुलांना टाळ्या वाजवून दाखवल्या आणि गेली. त्या लोखंडी फाटकाची कडी नुसती ढकलून लागत नसे, उचलून खाली सोडावी लागे. ती तिनं सोडली नाही. बेकरीवाल्यांची मुलगी बाहेर गेली, आणि टेम्पो आला. मुलगी वाचली. पाय वाचला नाही.

मी हे पाहिलं नव्हतं. मी आत एका पोराचं नाक पुसत होते. संध्याकाळी तू मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलंस. ‘आई कडी न लावता गेली, मी पाहिलं. तिला कळलं तर ती जगणार नाही. तू तरुण आहेस, तुला दुसरं काम मिळेल. कमिटीपुढे मी तुझ्या बाजूनं बोलेन.’ एवढंच तू म्हणालास. मी हो म्हटलं, कारण पलीकडच्या खोलीत ती बाबांच्या सदऱ्याची बटणं शिवत बसली होती.

कमिटीपुढे मी म्हटलं, चूक माझी. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीकडे पाहिलंस. मला काढलं. त्याच बैठकीत पुढचा विषय तुझी शिफारस हा होता. ती एकमतानं झाली. आईसाठी, असं तू म्हणतोस. असेल. पण आईसाठी म्हणून जो रस्ता निघाला तो तुझ्याच शिक्षणाच्या दारात गेला, एवढं मला दिसतं.

हेही मी गिळलं असतं. गिळलंच होतं. पुढचं ऐक.

आईला आजही वाटतं की ती कडी लावूनच गेली होती आणि नंतर माझ्याकडून ती उघडी राहिली. तेव्हापासून ती मला क्षमा करते. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, मोठ्यानं. ‘हिच्या हलगर्जीपणाची हिला क्षमा कर, आणि त्या बापाच्या मनातलं शल्य काढून टाक.’ मी समोर बसलेली असते. भात निवत असतो. मी आमेन म्हणते. ती आजारी असली तरी हे चुकत नाही. एकदा तिला ताप होता, शुद्ध नव्हती, तरी तिनं मला क्षमा केली.

तू लांब होतास. तुला हे फोनवर ऐकू येत नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी धाकट्या जावेच्या फोनवर तुझा उपदेश आला. मोठं मंदिर, टाळ्या, तुझा आवाज. विषय क्षमा. तू म्हणालास, माझ्या स्वतःच्या बहिणीच्या हातून एक भयंकर चूक झाली. तू म्हणालास, मी तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. तू म्हणालास, तेव्हा मला कृपा म्हणजे काय ते कळलं. तुझा आवाज भरून आला. तो खोटा नव्हता. मला वाटतं, सांगता सांगता तुला ते खरंच वाटू लागलं असावं. लोक रडले. तो उपदेश आता गावोगाव फिरतो. आईनं तो इतक्यांदा ऐकला आहे की तू श्वास कुठे घेतोस तेही तिला पाठ आहे. धुलाईखान्यात रेडिओनं मला विचारलं, तो बहिणीवाला उपदेश ऐकलास का? बिचारा किती मोठ्या मनाचा. चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती. मी चालत पुढे गेले आणि टोकं तिच्या हातात दिली.

दादा, गप्प राहणाऱ्या भावाला मी समजू शकते. एदोमनंही आधी नुसतं पाहिलं. पण नंतर तो फाटकातून आत शिरला आणि उरलंसुरलं उचलू लागला. संदेष्ट्याला राग आला तो इथे. आईची चूक तुझ्या सांगण्यावरून मी पत्करली, आणि तू ती उचलून व्यासपीठावर नेलीस.

तर असं आहे. गुरुवारी तू बेकरीवाल्यांना खरं सांगशील. सगळं नाही. ‘चूक बहिणीची नव्हती’ एवढंच. कोणाची ते सांगू नकोस, त्यांनी विचारलं तर सांगता येत नाही म्हण. तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन, आणि मी सगळं सांगेन, आई तिथे बसलेली असली तरी. हे मी करीन का, असा प्रश्न तुला पडेल. मलाही पडतो. येऊन पाहा.

तुझ्यासाठी खोली झाडून ठेवते.

बहीण


ता. ९ एप्रिल

दादा,

आई बरी आहे. तू बसमध्ये विसरलेला मफलर आगारातून परत आला, तो वेगळा पाठवते.

त्या गुरुवारी काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतास. पण तुला गोष्टी सांगायची सवय आहे, आणि सांगता सांगता त्या बदलतात. म्हणून जसं झालं तसं लिहून पाठवते. जपून ठेव किंवा फाड.

दुपारी तू आलास. स्वयंपाकघरात, त्याच ओट्यापाशी, तू म्हणालास, आईसाठी तरी. मी म्हटलं, आईसाठी किती वेळा? तू म्हणालास, एकदाच, शेवटचं. तुझे केस विरळ झाले आहेत. तुला पाहून मला बाबा आठवले, आणि मला राग आला की तू त्यांच्यासारखा दिसतोस. मी तुला काही कबूल केलं नाही. तुला वाटलं केलं, कारण मी गप्प होते. गप्प बसणाऱ्याला तू नेहमी तुझ्या बाजूचा समजतोस.

संध्याकाळी खोली भरली होती. वरच्या खुर्च्याही उतरवाव्या लागल्या. दोघी जावांनी नव्या साड्या नेसल्या होत्या, एकाच रंगाच्या, आणि त्यामुळे दोघी घुश्शात होत्या. आई तुझ्या शेजारी बसली. बेकरीवाले नेहमीच्या जागी, माझ्यासमोर.

अध्याय तू वाचलास. चांगला वाचलास. मधलं एक वाक्य तू ओलांडलंस. दुसऱ्याला जे करतोस ते तुझ्याच डोक्यावर परत येईल, अशा अर्थाचं. घड्याळजींनी मान वर केली, पण पाहुणा म्हणून बोलले नाहीत. मी पुस्तकात बोट ठेवून होते. माझं बोट त्या वाक्यावर राहिलं आणि तुझा आवाज पुढे गेला.

मग तू एदोमविषयी बोललास. राष्ट्रं, इतिहास, अहंकार, उंच कडे. ऐकायला छान होतं. घड्याळजींनी त्यांचा प्रश्न विचारला, एदोम कुठे उभा होता? तू म्हणालास, बाजूला. पण ते आपण प्रतीकात्मक घ्यायचं. ते म्हणाले, प्रतीक नंतर घेऊ, जागा आधी. थोडं हसू झालं. तू म्हणालास, जिथून नगराचं फाटक दिसतं अशा जागी. ते म्हणाले, हां, आता पुढे चला.

मी तेव्हा बोलणार होते. बेकरीवाल्यांकडे पाहिलं, ते चष्मा पुसत होते. आईकडे पाहिलं, ती तुझ्याकडे पाहत होती, आणि असं पाहत होती की मला जमलं नाही. मी तुला धमकी दिली होती ती पोकळ निघाली. हे तुला कळावं म्हणून लिहिते. तू तेवढ्यावर उठला असतास तर जिंकून घरी गेला असतास.

पण आई म्हणाली, ‘अरे, तो बहिणीचा दृष्टांत सांग ना. यांच्यातल्या कोणी तुझ्या तोंडून ऐकलेला नाही.’

तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही केलं नाही. तू बेकरीवाल्यांना म्हणालास, इथे तो सांगणं बरं दिसणार नाही. ते म्हणाले, ‘सांगा. माझ्याच घरची गोष्ट आहे, मी कुठे ऐकली आहे.’ आईनं तुझ्या गुडघ्यावर थोपटलं.

तू जपून सुरुवात केलीस. माझं नाव टाळलंस, चूक हा शब्द टाळलास. पण पाठ झालेली वाट पायांना ओढून नेते. पुढे पुढे तुझा आवाज व्यासपीठावर चढला. तू म्हणालास, आणि ते फाटक झुलत होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. जणू कोणाला तरी हात करून बोलावत होतं. तिथे तू श्वास घेतोस. आईचे ओठ तुझ्याबरोबर हलत होते.

बेकरीवाल्यांनी चष्मा घातला. त्यांना बोलायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे.

ते म्हणाले, ‘तुम्ही कुठे उभे होतात?’

तुला वाटलं अभ्यासातला प्रश्न आहे. तू हसलास. मग तुला तसं वाटेना.

ते म्हणाले, ‘कमिटीला तुम्ही सांगितलं होतं की तुम्ही आत ऑफिसात होतात. आरडाओरडा ऐकून बाहेर आलात. मी त्या बैठकीत होतो.’

तू म्हणालास, खूप वर्षं झाली.

‘फाटक जड आहे ते. चार-पाच हेलकावे घेतं आणि थांबतं. मी नंतर पुष्कळ वेळा जाऊन ढकलून पाहिलंय. तुम्ही ते झुलताना पाहिलंत, म्हणजे माझी पोर अजून आत होती. नाहीतर नुकतीच बाहेर पडली होती. कुठलं का असेना. तुम्ही चालत गेला असतात तरी पोचला असतात.’

थोरल्या जावेनं धाकटीचा हात धरला होता. दोघींच्या लक्षात आलं नसावं. तू खिडकीकडे पाहिलंस. दादा, खोलीत तुला दुसरीकडे पाहायला जागा नव्हती का? पण तू नेमकं तिकडेच पाहिलंस. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसता अंधार.

इतकी वर्षं मी तुला गप्प बसलेला भाऊ समजत होते. आईची चूक पाहिलेला, लपवलेला. ते फाटक झुलताना तू पाहिलंस तर तुला ते थांबवता आलं असतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी त्या फाटकाकडे पुन्हा गेलेच नाही. बेकरीवाले जात राहिले.

तू त्याच संध्याकाळी गेलास. आईनं तुझं अंथरूण घातलं होतं, ते तिनंच काढलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले होते. चपलेचा पट्टा लावत होते. ती दारात येऊन उभी राहिली, काठी न घेता.

‘फाटक त्यानं उघडं टाकलं होतं. हो ना?’

मला तीन गोष्टी म्हणता आल्या असत्या. नाही आई, मी. नाही आई, तू. मला ठाऊक नाही. यांतली पहिली मी अर्धं आयुष्य म्हणत आले आहे.

मी म्हटलं, ‘हो.’

ती म्हणाली, ‘आणि तू त्याच्यासाठी गप्प राहिलीस. त्याचं शिक्षण व्हावं म्हणून.’ तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेल लावताना फिरवायची तसा. मी तो फिरवू दिला. मग मी दुसरा पट्टा लावला आणि गेले. दिवसभर चादरींच्या घड्या नीट पडल्या. रेडिओ म्हणाली, आज तू पुढे चालत येताना हसतेस की काय?

आता तुझ्याकडे काय उरलं ते सांगते. तू म्हणू शकतोस, मी उघडं टाकलं नाही, फक्त लावलं नाही. मग ती विचारेल, उघडं कोणी टाकलं? तिचे कान शाबूत आहेत आणि ती उत्तर घेतल्याशिवाय फोन ठेवत नाही. तेव्हा तुला सांगावं लागेल. सांग. ते खरं आहे. ती तुझ्यावर विश्वास ठेवील, तुझ्यावर ती नेहमीच ठेवते. मी आड येणार नाही.

पण तू सांगणार नाहीस. तेवढा तू चांगला आहेस. मी सगळा डाव तुझ्या चांगुलपणावरच मांडला आहे.

बेकरीवाले तुमच्या मंदिराच्या कमिटीला लिहायचं म्हणतात. मी लिहा म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. मी बाजूला आहे. परवा त्यांच्या दुकानासमोरून गेले तर मुलगी गल्ल्यावरच्या उंच स्टुलावरून खाली उतरली आणि दारापर्यंत आली. तिला चालायला वेळ लागतो. तिनं मला पाव दिला, पैसे घेतले नाहीत. तिच्या हातातून तो घेताना मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी चोरलं आहे. तरी घेतला. घरी येऊन खाल्ला.

मला पश्चात्ताप होईल, असं तू मनात म्हणत असशील. त्यावर तुझे चार उपदेश आहेत. झाला तर कळवीन. अजून नाही.

शेवटचं. आई तुला येत्या रविवारी उपासनेनंतर फोन करणार आहे. आठवडाभर तिनं त्याची तयारी केली आहे, प्रार्थनेत मला ऐकवूनही झालं. ती तुला सांगेल की तिनं तुला क्षमा केली आहे. ती ते सावकाश सांगते, आणि मध्ये थांबते. त्या थांबण्यात बोलायचं नसतं. मग ती विचारेल, ऐकलंस ना? तेव्हा ‘हो, आई’ म्हणायचं. फक्त एवढंच. आवाज साधा ठेवायचा, भरून आणायचा नाही, तिला लगेच कळतं. त्यावर काही जोडायचं नाही. पहिल्या दिवशी अवघड जाईल असं तुला वाटेल. पहिल्या दिवशी नाही जात. नंतर ती रोज विचारू लागते तेव्हा जातं.

फोन मीच लावून तिच्या हातात देईन. या वेळी मी स्वयंपाकघरात जाणार नाही.

तुझी बहीण,
जिला आता या घरात कोणी क्षमा करत नाही